नाव विकणे आहे

शिकागो,
भाऊबीज

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गिरगावातून भुयारी मेट्रोत बसलात, सिद्धिविनायकाला उतरलात आणि पाटीवर बाप्पाच्या नावाआधी विमा कंपनीचं नाव वाचून दर्शन न घेताच परत फिरत होतात, हे आईने फोनवर आधीच सांगितलं होतं. विघ्नहर्त्याच्या दारात विमा म्हणजे विघ्नहर्त्यावर अविश्वास, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. वाटेतल्या आचार्य अत्रे चौक स्टेशनावर म्युच्युअल फंड! अत्र्यांनी यावर एकच अग्रलेख लिहिला असता, तर त्या फंडाने वरून दंड भरून आपलं नाव खाली उतरवलं असतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, "तुमच्या अमेरिकेत असलं काही खपवून घेतात का?"

आबा, इथे खपवून घेत नाहीत, इथे खपवतात.

तुम्ही आला होतात तेव्हा तुमच्या धाकट्या नातवाने तुम्हाला एका बेसबॉलच्या मैदानावर नेलं होतं, आठवतं? रेड लाइनच्या गाडीतून अ‍ॅडिसन स्टेशनला उतरलो होतो. तुम्ही तीन तास बसून "यांची ओव्हर कधी संपते?" एवढंच विचारलंत. ते रिगली फील्ड. तिथला धावफलक १९३७ सालचा, आत माणसं बसून हाताने आकडे बदलतात. मागच्या विटांच्या भिंतीवर त्याच वर्षी वेल चढवली. चेंडू त्या वेलीत अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात. आपल्या चाळीत चेंडू पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत गेला की आऊट असायचा, तसाच हा नियम. फक्त इथे काकू नाहीत आणि चेंडू परत मिळतो.

या मैदानाचा संघ कब्स. १९०८ साली जिंकलेलं अजिंक्यपद त्यांनी पुन्हा मिळवलं ते थेट २०१६ साली. मधली १०८ वर्षं लोक तिकिटं काढून हरणं बघत होते. दिवे आले १९८८ साली. तोवर कब्सचे इथले सगळे सामने उन्हात व्हायचे. पहिल्या रात्रीच्या सामन्याला, आठव्या महिन्याच्या आठ तारखेला, दिवे लागले आणि धो धो पाऊस आला. सामना रद्द. म्हाताऱ्या प्रेक्षकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. आई तिथे असती तर तिनेही तोच लावला असता.

तर अशा या मैदानाचं नाव २००८ च्या फेब्रुवारीत विकायला निघालं होतं. तेव्हा संघ आणि मैदान ट्रिब्यून या वृत्तपत्र कंपनीच्या मालकीचं होतं आणि ती कंपनी सॅम झेल नावाच्या जमीनजुमल्याच्या धंद्यातल्या धनाढ्याने नुकतीच घेतली होती. डोक्यावर कर्जाचा डोंगर. त्याने उघडपणे सांगितलं, मैदान माझं, नावही माझं, गिऱ्हाईक आलं तर विकीन. त्याचा हिशेब सरळ होता. शहर मात्र खवळलं. माझ्या तेव्हाच्या ऑफिसात हवामानापलीकडे कधी न बोलणारा एक गृहस्थ होता, तो निवेदनावर सह्या गोळा करत टेबलाटेबलाने फिरला. मीही सही केली. वारसा, परंपरा, पुढच्या पिढ्या असे शब्द माझ्या तोंडून इंग्रजीत फार छान बाहेर पडले.

मागच्या रविवारी जेवताना तुमच्या पत्राच्या निमित्ताने मी हे सगळं मुलांना सांगत होतो. थोरली आता कॉलेजात मार्केटिंग शिकते. तिने आमटी वाढून घेतली आणि विचारलं, "बाबा, रिगली म्हणजे काय?"

म्हटलं, "मालकाचं आडनाव."

"आणि मालक काय विकायचा?"

च्युइंगम. ही कथा ऐका, तुमच्या वामकुक्षीला लायक आहे. विल्यम रिगली १८९१ साली शिकागोत आला तो साबण विकायला. साबणावर बेकिंग पावडर फुकट द्यायचा. लोकांना बेकिंग पावडर जास्त आवडली, म्हणून साबण सोडून तीच विकायला लागला. मग तिच्यावर च्युइंगम फुकट. लोकांना तेच जास्त आवडलं. मग पावडर गेली आणि च्युइंगम राहिलं. वर फुकट मिळालेली वस्तूच शेवटी दुकान चालवते, हे त्याला पुरतं कळलं होतं. मैदान त्याने बांधलेलं नाही. ते १९१४ साली चार्ल्स वीगमन या खाणावळवाल्याने दोन महिन्यांच्या आत उभं केलं, तेही जिथे आधी ल्यूथरन पंथाची धर्मशिक्षणाची शाळा होती त्या जागेवर. नाव अर्थातच वीगमन पार्क. पुढे त्याची गाडी रुळावरून घसरली, संघ हळूहळू रिगलीच्या हाती गेला, १९२० साली मैदान कब्स पार्क झालं आणि १९२६ साली रिगली फील्ड.

म्हणजे ज्या पवित्र नावासाठी आम्ही सह्या केल्या ते बारा वर्षांतलं तिसरं नाव होतं. थोरलीचा पुढचा घाव असा, की रिगली कुटुंबाने १९८१ सालीच संघ विकला, पाटी मात्र तशीच राहिली. च्युइंगम कंपनीची जाहिरात इतकी वर्षं बिनभाड्याने चालली होती, आणि आम्ही निवेदन घेऊन फिरत होतो ते त्या जाहिरातीच्या रक्षणासाठी. त्याच २००८ च्या एप्रिलमध्ये चॉकलेटवाल्या मार्स कंपनीने रिगली कंपनी २३ अब्ज डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं. "त्यातले तुम्हाला किती मिळाले?" असं तिने विचारलं. सौ. म्हणाली, "भात घ्या."

झेलला गिऱ्हाईक मिळालं नाही. डिसेंबरात ट्रिब्यूनने दिवाळं जाहीर केलं, २००९ साली रिकेट्स कुटुंबाने संघ आणि मैदान विकत घेतलं. त्यांनी दर्शनी लाल पाटीला हात लावला नाही. ती तशीही शहराने २००४ मध्ये संरक्षित केलेली आहे. पण त्या पाटीच्या आसपासचं बघा. उघड्यावरच्या बाकड्यांना २००६ पासून बिअरचं नाव आहे. बाहेर नवं चौक-मैदान केलं, त्याला २०१८ साली नाव मिळालं ते विमा दलाली करणाऱ्या कंपनीचं. आबा, विमावाल्यांना देवळाबाहेरची जागा सगळीकडेच कशी बरोबर सापडते!

आता शहराच्या दक्षिणेला चला. तिथे व्हाइट सॉक्स. त्यांच्या जुन्या मालकाच्या नावाचं कॉमिस्की पार्क १९१० सालचं. ते पाडलं, १९९१ साली रस्त्यापलीकडे नवं बांधलं आणि नाव तेच ठेवलं. २००३ साली ते नाव ६ कोटी ८० लाख डॉलरना एका मोबाइल कंपनीला गेलं. २०१६ साली ते गृहकर्ज देणाऱ्या गॅरंटीड रेट कंपनीला. या कंपनीच्या चिन्हात एक लाल बाण होता, आणि तो खाली तोंड करून होता. कर्जाचा दर उतरतो, असं त्यांना म्हणायचं असावं. मैदानाच्या दारावर भलामोठा उतरता बाण लावून हा संघ खेळत राहिला आणि २०२४ च्या मोसमात १२१ सामने हरला. आधुनिक काळात इतके कुणीच हरलेलं नाही. वास्तुशास्त्रवाला कुणी तिथे वेळेवर पोचला असता तर त्याची सात पिढ्यांची सोय झाली असती. त्याच वर्षी कंपनीने स्वतःच्या नावातून गॅरंटी काढून टाकली. आता मैदान नुसतं रेट फील्ड आहे. इतका प्रामाणिकपणा मी कॉर्पोरेट जगात फारसा पाहिलेला नाही.

याच संघाने मुहूर्तसुद्धा विकला होता, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. सेव्हन-इलेव्हन नावाची दुकानांची साखळी आहे. २००७ पासून तीन मोसम यांचे घरचे रात्रीचे सामने बरोबर ७ वाजून ११ मिनिटांनी सुरू व्हायचे. राहुकाळ नाही, अमृतसिद्धी नाही, दुकानाची पाटी बघून पहिला चेंडू. आपल्या भटजींना कृपा करून हे सांगू नका; सत्यनारायणाच्या वेळेला प्रायोजक मिळवतील.

पैसे घेऊन नाव दिलं की ते नाव आपल्या घरी नांदेलच असं नाही. तुमचा दाभोळचा एन्रॉन घ्या. त्याला अरबी समुद्रात बुडवायच्या घोषणा आपण गॅलरीतून ऐकल्या होत्या. त्याच एन्रॉनने ह्यूस्टनच्या नव्या बेसबॉल मैदानाला ३० वर्षांसाठी १० कोटी डॉलरला आपलं नाव दिलं. २००० साली एन्रॉन फील्ड उघडलं, २००१ च्या डिसेंबरात एन्रॉन बुडाला. समुद्र लागलाच नाही. मग संघाने २१ लाख डॉलर मोजून ते नाव परत विकत घेतलं, आपल्याच भिंतीवरून उतरवायला. आधी नाव लावायचे पैसे, मग काढायचे पैसे. आपल्याकडे लग्नाच्या मांडववाल्यालाही हे सुचलेलं नाही.

माझी आवडती गोष्ट मात्र सेंट लुइसची. १९५३ साली तिथल्या संघाचा मालक ऑगस्ट बुश, बडवायझर बिअरवाला. त्याने मैदानाचं नाव बडवायझर स्टेडियम ठेवायचं ठरवलं. बेसबॉलचे आयुक्त म्हणाले, छे, दारूचं नाव खेळाला शोभत नाही. बुश म्हणाला, बरं, मग माझ्या घराण्याचं नाव देतो. बुश स्टेडियम. यात कोण काय हरकत घेणार? दोन वर्षांत त्याने बुश बव्हेरियन नावाची नवी बिअर बाजारात आणली. भटाला दिली ओसरी म्हणतात ते यालाच.

आमच्या मराठी मंडळाबद्दल तुम्ही विचारू नये म्हणून आधीच सांगतो. यंदाच्या गणपतीत आरतीच्या छापील पुस्तिकेच्या मागे एक घरदलाल होता, मोदकांच्या टेबलावर दातांचे डॉक्टर होते. दातांच्या डॉक्टरांनी मोदक पुरस्कृत करणं हे सर्वांत दूरदृष्टीचं, असं माझं मत पडलं. शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा तर हे लागतंच. कार्यकारिणीतल्या एका काकांनी याविरुद्ध भाषण केलं, तेव्हा खजिनदारांनी त्यांच्यापुढे हॉलचं बिल ठेवलं. काका बसले.

आता तुमच्या रागाचा शेवटचा आधार काढून घेतो, क्षमा असावी. हे सगळं खूळ अमेरिकेतून आलं असं तुम्ही लिहिलंत. आबा, तुम्ही ज्या मैदानावर शाळा बुडवून कसोटी सामने पाहिलेत, त्या ब्रेबर्न स्टेडियमचं नाव कसं पडलं? क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला चर्चगेटला भराव घातलेली जमीन हवी होती. जमीन सरकारची, आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न. क्लबचे अँथनी डी मेलो त्यांना जाऊन भेटले आणि विचारलं म्हणतात, की खेळाडूंकडून सरकारसाठी पैसे घ्याल, की स्वतःसाठी अमरत्व? गव्हर्नरसाहेबांनी अमरत्व घेतलं. नव्वद हजार चौरस यार्ड जमीन साडेतेरा रुपये यार्डाने मिळाली. स्टेडियम उघडलं डिसेंबर १९३७ मध्ये, रिगलीच्या भिंतीवर वेल चढली त्याच वर्षी. आणि ब्रेबर्न साहेब त्याआधीच मुंबई सोडून गेले होते. नावाचा सौदा याहून सफाईने इथे कुणाला जमलेला मला माहीत नाही. एवढं करून तुम्ही आजही ते नाव उच्चारताना जरा ताठ बसता.

तुम्ही मेट्रोला निवेदन देणार आहात, चाळीतल्या सह्याही गोळा करायला घेतल्यात, असं आई म्हणाली. जरूर द्या, माझीही सही धरा. फक्त मजकुरात ब्रेबर्नचा उल्लेख टाळा. समोरचा अधिकारी क्रिकेटवाला निघाला तर पंचाईत होईल.

आईला नमस्कार. गुडघ्याच्या गोळ्या ती वेळेवर घेते की नाही ते कळवा. चिवडा आणि करंज्या सुखरूप पोचल्या. करंज्यांचा कस्टम्सवाल्यांनी वास घेतला, खाल्ल्या नाहीत.

आपला,
धाकटा

ता. क. : धाकट्या नातवाने तुमच्यासाठी कब्सची निळी टोपी पाठवली आहे. बाजूला एक छोटं चिन्ह आहे, ते कुणाचं हे मी मुद्दाम बघितलं नाही. तुम्हीही बघू नका, डोक्याला मापात बसते का तेवढं कळवा.