बॅकअप हाय की!

सातारा-सांगली पट्ट्यात पतसंस्था असो, कॉलेज असो की हळदीची पेढी, जिथे वेबसाइट आहे तिथे एक सर्व्हरवाला असतोच. बॅकअपचा विषय काढला की त्याचं उत्तर ठरलेलं: “निवांत ऱ्हावा साहेब, बॅकअप हाय की!” हा गडी लबाड नाही, आळशी तर मुळीच नाही. रात्री दोनला त्याचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, चालतो आणि सकाळी ‘बॅकअप सक्सेसफुल’ असा मेल येतो. त्या मेलला तो देवाच्या फोटोसारखा लांबूनच हात जोडतो. फाइल उघडली असती तर दिसलं असतं, ती जेमतेम २० बाइटची आहे. डेटाबेसचा पासवर्ड मध्येच बदलला, स्क्रिप्टला कुणी कळवलंच नाही. डेटाबेसची प्रत काढणारा डंप फसला तरी पुढची जीझिप ती रिकामी फाइल इमानेइतबारे बांधते आणि स्क्रिप्ट शेवटच्या कमांडचं यश बघून मेल धाडते.

बरं, प्रत खरीच निघाली तरी ती असते कुठे? त्याच सर्व्हरवर, नाहीतर त्याच टेबलाच्या खणातल्या हार्डडिस्कवर. निदान सांगलीकराला तरी हे शोभत नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि खणातली डिस्क एकाच पाण्यात जाणार. सांगलीची प्रत साताऱ्यात ठेवावी. साताऱ्याजवळच्या माहुलीहून खाली आलेली कृष्णा काही उलटी चढत नाही. सातारकरांनी मात्र हसू नये. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला चढ लागत नाही. कायम जोडून ठेवलेली प्रतही ते कुलूपबंद करतं.

यावर त्याचं म्हणणं, “होस्टिंगवाला घेतोय की!” १० मार्च २०२१ ला स्ट्रासबूर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. “एवढा खटाटोप लहान संस्थेला परवडत नाही,” हा दुसरा मुद्दा जरा वजनदार आहे. पण प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीकडे काय पैशाची वाण होती? ३१ जानेवारी २०१७ ला तिथे चुकून डेटा उडाला आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालेना. सहा तासांपूर्वी कुणी हाताने घेतलेली प्रत होती, म्हणून निभावलं. कमी पडली ती प्रत परत उभी करून बघण्याची सवय, आणि तिला एक जुना पीसी नि महिन्यातली एक दुपार पुरते.

तेव्हा वाचकहो, बॅकअप आहे का, हे त्याला विचारूच नका. कालच्या प्रतीवरून साइट दुसऱ्या मशीनवर उभी करायला सांगा, आणि ती उघडेपर्यंत चहा मागवू नका.