पाताळगाडीत कंडक्टर

चिमूरला रेल्वे नाही. रुळांचे दर्शन घ्यायचे तर वरोऱ्याला जावे, नाहीतर नागभीडला. नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी गाडी होती, ती २०१९ मध्ये रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली. त्यामुळे आमच्या तालुक्यातला माणूस शाळेत जातो, लग्नाला जातो आणि कोर्टाच्या तारखेवर हजर होतो तो एस.टी.ने. जमिनीखाली उतरण्याचे मात्र चंद्रपूर जिल्ह्याला अप्रूप नाही. एकोणिसाव्या शतकात वर्ध्याहून वरोऱ्याला रेल्वे आली तीच मुळी जमिनीखालच्या कोळशासाठी. बल्लारपूरकडे कित्येक घरांत खाली उतरून पाळी करणारा एखादा काका असतोच. पण तो सकाळी जिथे उतरला त्याच गावात संध्याकाळी वर येतो. एका मोहल्ल्यात जमिनीत शिरायचे आणि दुसऱ्याच मोहल्ल्यात उगवायचे, हा प्रकार आम्ही पाहिला तो युरोपात. आणि पाहिला तोही एस.टी.च्या सेवानिवृत्त कंडक्टरच्या सोबतीने.

हे कंडक्टर म्हणजे आमचे साडभाऊ. त्यांची मुलगी लंडनला नोकरी करते. तिने आईबाबांना बोलावले, आईने आपल्या बहिणीला ओढले आणि बहिणीमागून मी गेलो. साडभाऊ मला ‘गुरुजी’ म्हणतात, कारण मी शाळेत शिकवत होतो. मला व्यवहारातले काही कळत नाही असेही ते मानतात, तेही त्याच कारणाने.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या दाराशीच त्यांचा पहिला आक्षेप निघाला. मुलीने शिकवल्याप्रमाणे आम्ही प्रत्येकाने आपापले बँकेचे कार्ड पिवळ्या चकतीला लावले, फाटक उघडले, आत गेलो. साडभाऊ पलीकडे जाऊन उभेच राहिले. हात पुढे केलेला.

“बाबा, चला ना.”

“तिकीट?”

“तिकीट नसतं बाबा इथं. पैसे आपोआप कापले जातात.”

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिले. “गुरुजी, पैसे घेतले अन् तिकीट नाही देल्लं. आमच्या खात्यात याले अपहार म्हनतेत जी. याच्यावर मानसं घरी गेले.”

कार्ड बाहेर पडतानाही लावावे लागते, नाहीतर यंत्र जास्तीचे भाडे लावते, हे कळल्यावर ते जरा शांत झाले. निदान हिशेब पुरा होतो म्हणायचा. भाड्याचे कोडे तर त्यांनी आमच्या आधी सोडवले. लंडनमध्ये मध्यभागापासून बाहेर एकामागे एक वेढे आखलेले आहेत, आणि जितके वेढे ओलांडाल तितके भाडे वाढते. मुलगी हे नकाशावर बोट फिरवून समजावत होती. साडभाऊ म्हणाले, “टप्पे हायेत. एवढंच सांग ना.” एस.टी.चा टप्पा सहा किलोमीटरचा असतो आणि भाडे टप्प्यावर बसते. चाळीस वर्षांत कुठल्या गावाला किती टप्पे हे ज्याला झोपेत विचारले तरी सांगता येते, त्याला लंडन काय अवघड!

आमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप वेगळा होता. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. इथे पुरे भाडे कापले गेल्याचे कळताच तिने बहिणीला विचारले, “हिकडं बायकायले अर्धं नाही का वं?” बहिणीने आपल्या परीने खुलासा केला, “रानी होती तवा देत असतीन. आता राजा हाय.”

लंडनची ही भुयारी रेल्वे जगातली सगळ्यात जुनी. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी ती सुरू झाली, आणि तेव्हा बोगद्यात वाफेचे इंजिन धावत होते. डोक्यावर शहर, खाली धूर, आणि त्या धुरात टोप्या घातलेले साहेब. विजेवरची खोल गाडी यायला १८९० उजाडले. आणखी गंमत अशी की, नाव अंडरग्राउंड असले तरी तिचा अर्ध्याहून अधिक मार्ग उघड्यावर आहे. साडभाऊंना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मंग आपल्या नागपूरच्या मेट्रोनं काय घोडं मारलं?”

नकाशाचा मामला मात्र गंभीर होता. हॅरी बेक नावाच्या माणसाने १९३१ मध्ये तो काढला आणि १९३३ मध्ये तो छापून लोकांच्या हाती आला. हा गृहस्थ विजेच्या जोडण्यांचे आराखडे काढणारा. त्याने विचार केला की जमिनीखालच्या माणसाला रस्ते, बागा, वळणे यांच्याशी काय करायचे आहे? कुठे बसायचे, कुठे बदलायचे, कुठे उतरायचे, एवढेच त्याला हवे. म्हणून त्याने सगळे मार्ग आडवे, उभे आणि तिरपे सरळ केले, स्टेशने सारख्या अंतरावर बसवली, आणि वरच्या शहरातली फक्त थेम्स नदी ठेवली. जगातल्या बहुतेक मेट्रोंनी पुढे हीच रीत उचलली. अतिशय हुशारीचे काम आहे, यात वाद नाही. पण सारख्या अंतरावरची स्टेशने पाहून एस.टी.चा माणूस फसतो. लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन हे नकाशावर चांगले बोटभर दिसते. प्रत्यक्षात ते जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे मीटर आहे. एवढ्यासाठी आमच्याकडे माणूस पायात चप्पलही घालत नाही. आम्ही गाडीत टेकलो न टेकलो तोच उतरायची वेळ आली. साडभाऊंचे तोंड उतरले. एका टप्प्याचा विसावा हिस्साही नाही आणि पुरे भाडे! वर जायला उद्वाहनापुढे रांग. शेजारी गोल जिना होता, पण त्याला १९३ पायऱ्या आहेत आणि हे म्हणजे पंधरा मजले चढण्यासारखे आहे अशी ताकीद पाटीवर लिहिलेली. बायका रांगेत राहिल्या. आम्हीही राहिलो.

दिशांची गोष्ट वेगळीच. लंडनमध्ये फलाटावर पाटी असते ती उत्तरेकडे, दक्षिणेकडे अशी. आमच्या भागात माणसाला दिशा कळतात. ढोर हरवले तरी सांगणारा ‘उगवतीकडे गेलं’ असे सांगतो. पण उगवत पाहायला डोक्यावर सूर्य लागतो, आणि सूर्य तर आपण पन्नास-साठ फूट वर सोडून आलेलो असतो. त्यातून तिथल्या मार्गांची नावे सरळ नाहीत. नॉर्दर्न लाइनवरचे मॉर्डन हे अख्ख्या अंडरग्राउंडचे दक्षिणेकडचे शेवटचे स्टेशन. सर्कल लाइन २००९ पासून पुरा फेरा मारतच नाही; तिला शेपूट फुटले आहे. “बोर्ड एक, गाडी एक,” साडभाऊ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच आपुलकी आली.

गाडीत मात्र कोणी बोलत नाही. शेजारी गुडघ्याला गुडघा लागेल इतका माणूस जवळ, पण डोळे वरच्या जाहिरातीवर. ताडोब्याच्या कोलारा गेटमधून आत गेल्यावर जिप्सी थांबवून सगळे सांबराच्या ओरडण्याकडे कान लावतात, तेव्हा जी शांतता पडते तीच ही. फक्त इथे वाघ येत नाही. विदेशी पाहुणे ताडोब्यात इतके शहाण्यासारखे का बसतात, ते मला तिथे उमगले. त्यांना घरूनच सवय आहे.

ही शांतता साडभाऊंनी एकदा मोडली. संध्याकाळची वेळ, कचेऱ्या सुटलेल्या. दाराशी ही गर्दी आणि आतला मधला भाग रिकामा. हे दृश्य पाहून कंडक्टर गप्प बसूच शकत नाही. चिमूरच्या बालाजीच्या घोडायात्रेला ज्याने जादा गाड्या काढल्या आहेत, तो तर नाहीच. पोट आत घेऊन त्यांनी आवाज लावला, “चला, पुढं सरका! मंधात जागा हाय!” मुलीने डोळे मिटले. आणि सांगतो, डबा सरकला. एक उंच साहेब, दोन पोरी, एक पोतेभर सामानवाला, सगळे निमूटपणे आत गेले. आम्ही सगळे चढलो. त्यानंतर साडभाऊंनी हात वर केला, पण वर दोरी नव्हती.

पॅरिसला आलो आणि साडभाऊ घरी आल्यासारखे वागू लागले. कारण तिथे दिशा नाही, सूर्य नाही. तिथे मार्गाचा आकडा आणि शेवटचे स्टेशन. बस्स. तुम्हाला मधे कुठेही उतरायचे असो, गाडी ओळखायची ती तिच्या शेवटच्या गावावरून. एस.टी.च्या कपाळावरची पाटी आणखी काय सांगते? भिसीच्या माणसाला उमरेडची पाटी वाचून चढायचे असते हे कुणी शिकवावे लागत नाही. पहिल्याच दिवशी साडभाऊ पुढे आणि आम्ही मागे. भाड्याचीही डोकेदुखी नाही. विमानतळाचा प्रवास सोडला तर मेट्रोत कुठूनही कुठे जा, भाडे तेच. हे त्यांना आवडले नाही. “टप्पा नाही त हिशेब काय?” काही जुन्या मार्गांवर दार आपोआप उघडत नाही, खटका उचलावा लागतो, आणि गाडी पुरती थांबायच्या आत पॅरिसकर तो उचलून उतरण्याच्या बेतात असतात. हे मात्र त्यांना नीट ओळखीचे वाटले.

शातले नावाचे जंक्शन आहे. पाच मेट्रो मार्ग आणि उपनगरी गाड्या तिथे जमिनीखाली एकत्र येतात. एका गाडीतून उतरून दुसरीपर्यंत पोचायला आम्ही इतके बोगदे, जिने आणि सरकते पट्टे पार केले की सौभाग्यवतींनी विचारले, “आपन चालतच त नाही ना चाललो?”

पण खरी कसोटी लागली ती पहिल्या क्रमांकाच्या मार्गावर. पॅरिसचा हा सगळ्यात जुना मार्ग, १९ जुलै १९०० ला सुरू झालेला, आणि २०१२ पासून त्यावरच्या सगळ्या गाड्या चालकाविना धावतात. साडभाऊंना पुढे बसायला आवडते. एस.टी.त ती जागा त्यांच्या हक्काची. म्हणून ते पार पहिल्या डब्याच्या टोकाला गेले. तिथे मोठी काच. काचेपुढे बोगदा धावत येतो आहे. आणि चालकाची केबिन असायला हवी तिथे एक फ्रेंच पोरगे काचेला नाक लावून उभे.

साडभाऊ उलटे फिरले. “गुरुजी, कंडक्टर नाही, समजून घेतलं. ड्रायवर कोठी हाय?”

“नाही. संगणक चालवतो.”

“अन् ब्रेक फेल झाला त कोनाले बोलाचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढची चार स्टेशने त्यांनी त्या पोराच्या मागे उभे राहून काढली. दर स्टेशन सुटताना त्यांच्या ओठांची हालचाल मी पाहत होतो. डबल बेल तेच देत होते.

व्हिएन्नाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिथे सगळे वेळेवर होते आणि वेळेवर होणाऱ्या गोष्टींचे वर्णन होत नाही. एवढेच की तिथे मार्ग एक, दोन, तीन, चार आणि सहा आहेत. पाचवा आता कुठे खणत आहेत. “शेड्युल लागली, गाडी नाही निघाली,” हा साडभाऊंचा अभिप्राय.

बर्लिनमध्ये त्यांचे सोने झाले. १९०२ पासूनची तिथली भुयारी रेल्वे, पिवळ्या गाड्या, आणि फाटक कुठेच नाही. कोणीही यावे, थेट फलाटावर उतरावे, गाडीत बसावे. कागदी तिकीट घ्यायचे आणि फलाटावरच्या पेटीत घालून स्वतःच त्यावर शिक्का मारायचा. तिकीट असूनही शिक्का नसेल तर ते तिकीट नव्हे. दंड ६० युरो. साडभाऊंनी चारही तिकिटे गोळा केली, पेटीत घातली, प्रत्येकाचा ठसा उजेडात धरून पाहिला आणि चारही आपल्याकडेच ठेवली. फार दिवसांनी त्यांच्या बोटांत तिकिटे होती.

ज्या मार्गाने आम्ही चाललो होतो त्याची जुनी गोष्ट मी सांगायला घेतली. १९६१ मध्ये भिंत उभी राहिली तेव्हा पश्चिम बर्लिनच्या काही गाड्या पूर्वेच्या हद्दीखालून जात होत्या. त्या जातच राहिल्या, पण मधल्या बहुतेक स्टेशनांवर थांबायच्या नाहीत. अंधुक दिवे, बंद फलाट, कडेला बंदूकवाले शिपाई, आणि गाडी हळूहळू पुढे. १९८९ पर्यंत असे चालले. साडभाऊ म्हणाले, “म्हनजे विनाथांबा.” आणि लगेच माझे मनगट धरले. “गुरुजी, चेकिंग हाय.”

“कुठे?”

“ते तिघं. निळ्या जाकिटवाला, टकल्या, अन् ते पिशवीवाली बाई. मघा एकाच जागी उभे राहून बोलत होते. अन् गाडी आली त तीन दारानं चढले. सोबतचे लोकं सोबत चढतेत जी.”

दारे लागली. निळ्या जाकिटाने खिशातून ओळखपत्र काढले, टकल्याने यंत्र काढले, बाईने पलीकडचे दार धरले. साडभाऊंनी आमची चार तिकिटे आधीच पंख्यासारखी पसरून धरली होती. तपासनिसाने ठसे पाहिले, मान हलवली. साडभाऊंनीही हलवली. दोन खात्यांची भेट झाली.

आमच्यापुढे कानात वायर घातलेला एक तरुण सापडला. त्याने जर्मनमध्ये लांबलचक काहीतरी सांगितले. साडभाऊंना जर्मन येत नाही. तरी त्यांनी मला भाषांतर करून दिले, “आत्ताच चढलो म्हनते. घाईत राह्यलं म्हनते. पुढच्या स्टेशनवर उतरतोच म्हनते.” टकल्याने शांतपणे यंत्रातून कागद काढून त्याच्या हाती दिला. साडभाऊंनी तो कागद पाहिला आणि सबंध युरोपात पहिल्यांदा समाधानाने मान डोलावली. “पावती देल्ली.”

तर आमच्या तालुक्यातल्या ज्या कुणाची मुलेबाळे तिकडे आहेत आणि ज्यांना आज ना उद्या बोलावणे येणार आहे, त्यांना थोडे सांगणे. लंडनच्या सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहा, डावी बाजू धावणाऱ्यांची असते. एका कार्डावर दोघे जाऊ नका. पॅरिसला गाडीत चढण्याआधी शेवटचे गाव वाचा. बर्लिनमध्ये शिक्का मारा. सरावासाठी तिकडेच गेले पाहिजे असेही नाही. नागपूरची मेट्रो पुलावरून जाते, तिचा उपयोग नाही. पण पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट गाडी जमिनीखालून धावते, आणि मुंबईत आरे ते कफ परेड हा मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून पुरा सुरू आहे. त्याच्या २७ स्टेशनांपैकी २६ जमिनीखाली आहेत. तिथे पाट्या मराठीत आहेत. आणि तिकीट, कोणत्याही देशात, बाहेर पडेपर्यंत फेकू नका.