कॉलनी ग्रुप : स्वरूप व वर्तन

नांदेड-लातूरकडचा कॉलनी ग्रुप म्हणजे एका वॉलवर (व्हॉल्व्हवर) पाणी भरणाऱ्या घरांचा मोबाइलवरचा जमाव. जात, पक्ष, पगार किंवा घराच्या दाराची दिशा यांपैकी कशानेही तो बांधलेला नसतो. त्याला बांधतो जमिनीखालचा पाइप. शेजारच्या दोन गल्ल्यांचे वॉल वेगळे असले की ग्रुपही वेगळे निघतात आणि अलीकडच्या ग्रुपवर पलीकडच्यांना जास्त पाणी कसे मिळते याची चर्चा चालते. ग्रुपच्या नावात ‘आदर्श’, ‘एकता’ किंवा ‘परिवार’ यांपैकी एक शब्द सक्तीचा. डीपीला गणपती, बालाजी किंवा कॉलनीची कमान. कमान अजून झाली नसेल तर तिचे संकल्पचित्र. माहितीच्या जागी ‘ग्रुपवर फक्त कॉलनीच्या कामाचेच मेसेज टाकावेत’ अशी सूचना असते. अ‍ॅडमिनने ती पहिल्या दिवशी लिहिलेली असते आणि त्याच दिवशी खाली स्वतःच गुलाबाचे फूल टाकलेले असते.

ग्रुपच्या आधी हे काम पार, पानटपरी आणि हॉटेलातले बाकडे करत. लातूरला गंजगोलाई होती, अजून आहे. फैयाजुद्दीन या नगररचनाकाराच्या आराखड्यावर १९१७ मध्ये उभ्या राहिलेल्या या गोल बाजारात सोळा रस्ते येऊन मिळतात. एका टोकाला सांगितलेली बातमी गोलाईला वळसा घालून सांगणाऱ्याच्याच कानावर परत येई, तोवर तिच्यात एक मयत आणि एक मोडलेले लग्न वाढलेले असे. नांदेडला हीच सोय वजिराबादेतल्या चहाच्या टेबलांवर होती. फरक एवढाच, की तिथे बोलणाऱ्याला चहाचे पैसे द्यावे लागत आणि त्यामुळे बोलण्याला थोडी मर्यादा राही.

ती मर्यादा २०१६ मध्ये संपली. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपने ग्रुपची सदस्यमर्यादा १०० वरून २५६ केली आणि ५ सप्टेंबरला जिओ सुरू होऊन नेट जवळपास फुकट झाले. लातूरच्या स्मरणात मात्र ते वर्ष दुसऱ्याच कारणाने आहे. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली : दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. टाकीजवळ पाचाहून जास्त माणसांनी एकत्र उभे राहायला बंदी आणि फोनमध्ये २५६ जणांनी जमायला मुभा, अशा स्थितीत शहराने कोणता मार्ग धरला हे सांगायला नको.

या ग्रुपमधला विनोद नळाच्या दोन दिवसांच्या मधल्या काळात पिकतो. पाणी रोज येत असते तर माणसे भरून मोकळी झाली असती आणि कामाला लागली असती. ते आठवड्याने येते, कधी त्याहूनही उशिरा, म्हणून वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणारा माणूस काहीतरी टाकत राहतो. नळाच्या दिवशी मात्र ग्रुपचे खरे रूप दिसते. पहाटे पावणेपाचला पहिला प्रश्न येतो.

‘पाणी सोडलं का?’
‘नाही अजून.’
‘आमच्याकडं येऊलालंय. बारीक हाय.’
‘बारीक म्हणजे किती?’
‘करंगळीएवढं.’
‘गढूळ हाय का?’
‘चहाला पत्ती टाकू नका, रंग आधीच आलाय.’

इथे सूर्योदयाच्या चित्रासह ‘शुभ सकाळ’ येते. ते पाठवणारे गृहस्थ तीन वर्षांपासून पुण्यात मुलाकडे राहतात. इथल्या घराला कुलूप आहे, पण ग्रुप त्यांनी सोडलेला नाही. पाठोपाठ कोणीतरी गल्लीतल्या दुसऱ्याच एका काकांना लिहिते : ‘काका, तुमची टाकी भरून वाहूलालीय. रस्त्यावर चिखल झालाय.’ हा मेसेज सगळी कॉलनी वाचते. काकाही वाचतात, निळ्या खुणा दिसतात. उत्तर येत नाही. पाच मिनिटांनी मोटार बंद झाल्याचे शेजारच्यांना भिंतीतून कळते आणि अर्ध्या तासाने काका एक चित्र टाकतात. त्यावर तळहातात पाण्याचा थेंब असतो आणि खाली ‘पाणी हेच जीवन’ असे लिहिलेले असते.

नळाला थेट मोटार जोडणे हा कॉलनीतला सर्वात मोठा गुन्हा आहे आणि तो कोणी करत नाही, असे ग्रुपवर सर्वानुमते मानले जाते. तरीही उताराला असलेल्या घरांकडे करंगळीएवढे येते आणि चढावरच्या काही घरांकडे धो धो. या चमत्काराविषयी नाव घेऊन बोलण्याची पद्धत नाही. ‘काही नळांना देवाची कृपा आहे’ एवढेच लिहिले जाते, आणि त्याखाली सर्वात आधी हसणारा चेहरा टाकतो तो बहुधा मोटारवालाच असतो. मराठवाड्यातला टोमणा हा असा असतो : ज्याला लागायचा त्याला लागतो, पण भांडायला जागा राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच घरातून विरजण मागायचे असते.

ज्याच्याविषयी सर्वाधिक लिहिले जाते तो, वॉल फिरवून पाणी सोडणारा वॉलमन, ग्रुपचा सदस्य नसतो. त्याची दुचाकी कोणत्या चौकात दिसली, लांब दांड्याची लोखंडी चावी गाडीला अडकवलेली होती की नव्हती, तो चहा पीत होता की वॉल फिरवून आला होता, याच्या खबरा मिनिटामिनिटाला येतात. आमदार कॉलनीत येऊन गेले तर फोटो दोन दिवसांनी पडतो. वॉलमन येऊन गेला तर त्याच क्षणी. ‘फोन लागत नाही’ हे त्याच्याविषयीचे नित्याचे वाक्य आहे. त्याच्या घरच्या लग्नात आहेर करायला कोणतीही कॉलनी मागे राहत नाही, आणि हा खर्च वर्गणीत कोणत्या नावाखाली दाखवायचा यावर ग्रुपवर नव्हे, समक्ष चर्चा होते.

लातूरच्या ग्रुपवर दरवर्षी उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी येते. म्हणजे त्याची बातमी येते. ती निवडणुकीच्या वर्षी जरा जास्त वेळा येते आणि तिच्याखाली ‘बादल्या मांडून ठेवा’ असा सल्ला पडतो. नांदेडच्या ग्रुपचा स्वभाव वेगळा, कारण गाव गोदावरीच्या काठावर आहे. तिथे पावसाळ्याचा मुख्य विषय म्हणजे विष्णुपुरी धरणाचे किती दरवाजे उघडले. धरणाच्या फेसाळ पाण्याचा व्हिडिओ आधी पोचतो, त्यानंतर तो गेल्या वर्षीचा असल्याचा खुलासा, आणि तिसऱ्या दिवशी खरेच दरवाजे उघडल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. नांदेडचा विनोदही अर्धा दखनी हिंदीत चालतो. तक्रार मराठीत आणि तिच्यावरचा टोला ‘हौ’, ‘नक्को’च्या भाषेत, ही तिथली विभागणी. शेजाऱ्याशी पाण्यावरून भांडण्याचा या जिल्ह्याचा अनुभव तर दोन राज्यांच्या पातळीवरचा आहे : धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, हे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ठरवून द्यावे लागले. बंधाऱ्याला तारखा मिळाल्या. कॉलनीच्या वॉलला अद्याप मिळालेल्या नाहीत.

पाण्यानंतरचा विषय जमिनीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्याला मोबाइल साक्षी नव्हता. आता जमीन जराशी हलली तरी ‘जाणवला का?’ हा प्रश्न धक्का ओसरायच्या आत पडतो. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहानंतर काही मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते आणि नांदेडलाही ते जाणवले. अशा वेळी ग्रुपवर माणसांचे तीन वर्ग पडतात. भांडी वाजल्याचे सांगणारे पहिले. आपण झोपेत होतो आणि काहीच कळले नाही, हे अभिमानाने सांगणारे दुसरे. तिसरे काही लिहीत नाहीत. त्यांनी त्र्याण्णव पाहिलेले असते. ते नातवंडांना घेऊन आधी रस्त्यावर उभे असतात आणि त्यांच्यावर कोणी विनोद करत नाही. गोंधळ निवळतो तो कोणीतरी ‘उठलेच आहात तर बघा, नळ आलेत का’ असे लिहिल्यावर.

पुढे ढकललेल्या मजकुराविषयी फार सांगण्यासारखे नाही. कारल्याचा रस, मतदारयादी आणि एका दिवसापुरती जाहीर झालेली शाळेची सुट्टी हे त्याचे कायमचे विषय. जुलै २०१८ पासून भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले होते. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही आणि ग्रुपवरच्या शहाण्या माणसांनी ते विसरू नये. विसरलेले असतात. पाचची मर्यादा आल्यावर त्यांनी एवढेच केले, की दोनदा पाठवू लागले.

वाढदिवस हा स्वतंत्र प्रकार. सामान्य सदस्याला केकचे चित्र मिळते; भावी नगरसेवकाला हार, तलवार आणि वाघाची डरकाळी. लातूर आणि नांदेड या दोन्ही महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपून प्रशासक आले, आणि तीन वर्षे उलटली तरी भावी मंडळी भावीच राहिली. त्या काळात त्यांनी ग्रुपवर केलेली कामे मोठी आहेत. प्रत्येक बंद दिव्याचा फोटो, प्रत्येक खड्ड्याशेजारी स्वतः उभे राहून काढलेला फोटो, प्रत्येक फोटोत तोच गॉगल. खड्डा बुजला की नाही याचा फोटो पडत नाही.

दोन्ही शहरांतली माणसे एकत्र असलेला ग्रुप, म्हणजे साडूंचा किंवा बदली झालेल्या शिक्षकांचा, फार काळ शांत राहू शकत नाही. २००९ मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला देण्याचा निर्णय झाला, लातूर रस्त्यावर उतरले आणि प्रश्न तिथेच लटकला. मुख्यमंत्र्यांची बरोबरी आहे : लातूरचे निलंगेकर आणि विलासराव, नांदेडचे शंकरराव आणि अशोकराव. लातूरकर शिक्षणातला ‘पॅटर्न’ काढतात, नांदेडकर विद्यापीठ आणि हुजूर साहिब काढतात. मुंबईची लातूर एक्स्प्रेस २०१७ मध्ये आठवड्यातून तीन दिवस बिदरपर्यंत नेली, तेव्हा लातूरकरांना आपली जागा जातेय याचे दुःख झाले आणि नांदेडच्या साडूंनी ‘बिदरकरांचे अभिनंदन’ असा फलक बनवून टाकला. एरवी दोन्हीकडे विनोद एकच असतो, फक्त मूर्खाचे गाव बदललेले असते.

अ‍ॅडमिन हे पद कोणी मागत नाही आणि कोणी सोडतही नाही. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितल्यापासून या पदावरची भीती गेली, मान मात्र राहिला. त्याच्याकडे एकच मोठे हत्यार आहे : ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’. ते तो निवडणुकीत उपसतो आणि नळाच्या आदल्या रात्री म्यान करतो, नाहीतर पहाटे त्याच्या घराची बेल वाजते.

रुसून ग्रुप सोडणे हा एके काळी जाहीर कार्यक्रम होता. अमुक सदस्य बाहेर पडल्याची ओळ सगळ्यांना दिसे आणि दिवसभर समजूत काढणारे फोन येत. ऑगस्ट २०२२ पासून ती ओळ फक्त अ‍ॅडमिनला दिसू लागली आणि रुसण्यातली मजा गेली. आता रुसणारा आधी ‘आपण सर्वांनी दिलेल्या प्रेमाबद्दल आभार’ असा लांबलचक मेसेज टाकतो आणि थांबतो. ‘सर, असं करू नका’ असे दोघांनीही लिहिले नाही तर नाइलाजाने बाहेर पडतो. परत यायला नळाचा पुढचा दिवस पुरतो : घरातून शेजारणीला विचारणा होते, शेजारीण लिंक पाठवते. परतणाऱ्याने काही बोलायचे नसते. कोणी ‘स्वागत आहे’ लिहिलेच तर तो टोमणा समजला जातो, आणि त्याला अंगठा देणाऱ्यांची नावे रुसलेला माणूस जपून ठेवतो.