रिपोर्ट ठणठणीत, पेशंट आडवा

ब्रिटनमध्ये आजारी पडायला हरकत नाही, फक्त आधी रक्ताची परवानगी लागते. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या ॲपवर थायरॉइडचा रिपोर्ट येतो: टीएसएच ३.८, नॉर्मल, नो ॲक्शन. इकडे वहिनी जिना चढताना मध्येच टेकतात, कंगव्यात केसांचा पुंजका, मे महिन्यातही पायात दोन-दोन मोजे. पण जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, दहा मिनिटं संपलेली असतात. रिपोर्ट बरा म्हणजे वहिनी बऱ्याच असणार. नसतील तर तो त्यांचा हट्ट.

ही नॉर्मलची चौकट म्हणजे निरोगी लोकांतले मधले ९५ टक्के. लॅब बदलली की तीही जराशी सरकते. त्या चौकटीत वहिनींची एरवीची जागा कोणती, हे तिला ठाऊक नाही. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१९च्या सूचनांप्रमाणे आधी फक्त टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं संप्रेरक) बघायचं, ते ठीक निघालं की टी-फोरची, म्हणजे खुद्द थायरॉइडच्या संप्रेरकाची, पाळी सहसा येतच नाही. (पिट्युटरीचा संशय असेल तर दोन्ही बघायचं. पण संशय यायला आधी ऐकून घ्यावं लागतं.)

अर्थात सगळं खापर जीपीवर फोडू नये. थकवा थायरॉइडचाच असतो असं नाही. शाकाहारी घरातलं बी-१२, पाळीने तळाला नेलेलं फेरिटिन, लंडनच्या उन्हावर पोसलेलं व्हिटॅमिन डी, रजोनिवृत्ती, झोपेत अडकणारा श्वास, यांपैकी काहीही असू शकतं. केसांसाठी म्हणून घेतलेलं बायोटिन काही लॅबचे आकडेच बिघडवतं. आणि थायरॉइडची गोळी आधीच चालू असेल, तर ती जाते कशाबरोबर? पहिल्या चहाच्या घोटाबरोबर! मागोमाग लोह आणि कॅल्शियम. अहो, गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी. लोह-कॅल्शियम चार तासांनी.

हे सगळं पाळूनही, टीएसएच नॉर्मल असूनही, गोळी घेणाऱ्यांतल्या शंभरातल्या पाच-दहा जणांना बरं वाटत नाही, असं डॉक्टरच सांगतात. त्यांतले काही जण टी-थ्री हे थायरॉइडचं दुसरं संप्रेरक मागतात. ते सापडलं लंडनमध्येच, १९५२ साली, जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांना. पुढे त्याच देशात ॲडव्हान्झ या कंपनीने टी-थ्रीच्या गोळीवरचं ब्रँडचं नाव काढलं. तेव्हा नाव गेलं की किमतीवरचं नियंत्रणही जायचं. २००९मध्ये २० पाउंडांचं पाकीट २०१७मध्ये २४८ पाउंडांवर गेलं. गोळी तीच. २०१७मध्येच एनएचएस इंग्लंडने जीपींना सांगितलं, नव्याने कुणाला सुरू करू नका. टी-थ्रीने सरसकट गुण येतो हे चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही, हे खरं. पण दार लावताना खिसाही चाचपला होताच. या भाववाढीबद्दल जुलै २०२१मध्ये स्पर्धा नियामकाने ॲडव्हान्झ आणि तिच्या माजी मालकांना मिळून दहा कोटी पाउंडांहून जास्त दंड केला. असा दंड सरकारी तिजोरीत जातो. गोळीवाचून राहिलेल्यांच्या वाट्याला बातमी आली.

तेव्हा वहिनी, पुढच्या खेपेला ‘नॉर्मल’ हा शब्द ऐकून पर्स उचलू नका. आकडा मागा, मागच्या वर्षीचा त्याच्या शेजारी ठेवा, फेरिटिन आणि बी-१२ कधी तपासलं ते विचारा. अकरावं मिनिट लागलं तर लागू दे.