वादळी ढगास खुले पत्र

प्रति,
क्युम्युलोनिम्बस ढग,
मुक्काम : मुंबई उपनगरे, वरचे मजले (बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत)

विषय : मंजूर मर्यादेबाहेर बरसल्याबद्दल

मुंबईतल्या पावसाळी गटारांची जुनी रचना ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी होती, तीही ओहोटी असेल तर. पडलेल्यापैकी निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असेही त्या हिशेबात धरले होते. सदर ढगाने हा हिशेब वाचलेला दिसत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम 73. असा ढग आडवा पसरण्यापेक्षा उभा वाढतो आणि वर खेचलेले बाष्प थोडक्या पट्ट्यातच रिते करतो, हे शास्त्र मान्य. उपनगरांवरच मर्जी का, याचा खुलासा त्यातून होत नाही.

बाकी व्यवस्थेत कसूर नाही. पाणी मुरण्यासाठीची माती पेव्हर ब्लॉकखाली सुरक्षित आहे. विहार-पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीकडे निघालेल्या मिठी नदीला विमानतळापाशी काटकोनात वळण्याची शिस्त लावलेली आहे. अनेक गटारांची तोंडे भरतीच्या पातळीखाली असल्याने भरतीला समुद्रच आत शिरतो, हे खरे. पण भरतीचे वेळापत्रक आगाऊ छापून मिळते. ढगाने ते बघून यायला काय हरकत होती?

पाणी दारातून येते, हा वरच्या मजल्यांवरचा समज. तळमजल्यावर ते आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे काढत वर येते. उंबऱ्यावर रचलेल्या विटा मग आतलेच पाणी आत राखतात. दप्तरे माळ्यावर जातात, फ्रिज पाटांवर चढतो आणि रिकामा सिलिंडर स्वयंपाकघरभर फिरू लागतो. मिलन आणि अंधेरी सबवेबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नाही; ते पहिल्या मोठ्या सरीलाच बंद होतात.

पावसाळी गटारांवरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने मर्यादा ताशी 50 मिलिमीटर करण्याची, मुरण्याची आशा सोडण्याची आणि समुद्राकाठी पंप बसवण्याची शिफारस केली. कामाला खरा वेग आला तो 2005 नंतर. म्हणजे ढगाला आता दुप्पट सवलत आहे. तरीही भर भरतीच्या वेळी तासाभरात त्याहून जास्त ओतण्याची सवय सुटलेली नाही, ही बाब गंभीर आहे.

खुलासा लेखी, कोरड्या कागदावर, पावसाळ्यापूर्वी सादर करावा.