माउली, व्हर्जन सात

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या काही मराठी मंडळींनी आषाढी वारीचं नियोजन संक्रांतीलाच हाती घेतलं. आळंदी ते पंढरपूर, सुमारे २५० किलोमीटर. दिवे घाटाच्या चढाचा आलेख तयार आहे, मोज्यांचा तुलनात्मक तक्ता आहे, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण ‘टीम अ‍ॅक्टिव्हिटी’त पडलंय. पाऊस ‘संभाव्य जोखीम’ म्हणून नोंदवलाय. आषाढातला पाऊस! सोहळ्याची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकातच घालून दिली आणि तंबू, जेवण, सामानाचा ट्रक हे सारं दिंडीच बघते, असं कुणी सांगू नये. उरलेल्या बैठका रद्द कराव्या लागतील. सरावाचा रकाना तेवढा ‘प्रलंबित’ आहे. होसूर रोडपलीकडच्या दर्शिनीत इडली खायला जायचं तरी अजून अ‍ॅपवरून रिक्षाच येते.