सर, एकीला जाऊ का?

प्रस्तुत मार्गदर्शिका ज्यांच्या घरी नुकतंच कुत्र्याचं पिलू आलं आहे आणि ते आणताना ज्यांना कुणी विचारलेलं नाही, अशा पालकांसाठी आहे. स्वतःहून पिलू आणणाऱ्यांनी ती वाचायची गरज नाही. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. आमच्या मुलीला ठाऊक होतं. पुण्याहून ती दोन महिन्यांचं लॅब्राडोर, त्याचा पिंजरा, पाच किलो खाणं आणि ‘बाबा, दोनच महिने’ एवढं सामान घेऊन बार्शीला आली आणि रविवारी संध्याकाळी त्यातलं काहीच न घेता परत गेली.

लेखकाच्या पात्रतेबद्दल थोडं. एकतीस वर्षं शिक्षक, त्यातली शेवटची पाच मुख्याध्यापक. वेळापत्रक बसवण्यात हयात गेली. एकाच तासाला दोन शिक्षक एका वर्गात आले असं माझ्या कारकिर्दीत एकदाच घडलं, आणि तेव्हाही चूक त्या दोघांची होती. तेव्हा सहा किलोच्या प्राण्याला शिस्त लावणं अवघड जाऊ नये, असा माझा समज होता.

नियम पहिला : पिंजऱ्याला पिंजरा म्हणू नये, क्रेट म्हणावं. ही मुलीची सूचना. पिंजरा म्हटलं की कोंडल्यासारखं वाटतं म्हणे. पण बार्शीत क्रेट म्हटलं की टोमॅटो डोळ्यांपुढे येतात. मी एका माजी विद्यार्थ्याजवळ ‘क्रेट जरा मोठं झालंय’ असं सहज बोललो. त्याची मार्केट यार्डात आडत आहे. तो म्हणाला, “सर, आधी सांगायचं की. आमच्याकडं ढीग पडलाय. किती पाठवू?” हिनं पहिल्याच दिवशी त्याला ‘डबा’ म्हणायला सुरुवात केली, आणि डबा हाच शब्द टिकला. पिलाचंही पुण्यात ठेवलेलं नाव ब्रूनो होतं. गल्लीत शिरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचा बुन्या झाला.

नियम दुसरा : डब्याचं माप. हा नियम बार्शीकराला इतरांपेक्षा लवकर समजायला हवा होता. पिलाला आत ताठ उभं राहता यावं, जागच्या जागी वळता यावं, पाय ताणून झोपता यावं, बस्स. त्याहून जास्त जागा द्यायची नाही. कारण कुत्रं आपण झोपतो ती जागा शक्यतो घाण करत नाही. सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. मुलीनं मोठेपणी पुरावा म्हणून बेचाळीस इंची डबा घेतला होता. बुन्या एका टोकाला झोपायचा आणि उठून दुसऱ्या टोकाला जाऊन यायचा. मी चिडलो. मग लक्षात आलं की त्याचं काही चुकत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत डब्याच्या टोकालाच संडास असतो.

आता आमच्या गावाची गोष्ट अशी की १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला जी ‘बार्शी लाईट’ आली, ती अडीच फुटी रुळांवर. काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं कमी खर्चात, कमी जागेत, वजन नीट वाटून ती अशी बसवली की अरुंद रुळांच्या रेल्वेच्या इतिहासात बार्शीचं नाव राहिलं. पुढं तीच गाडी पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला पोचली, १९२७ साली मिरजेला. आणि थेट ब्रॉडगेज? ते २००८ मध्ये. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ या गावानं गरजेपुरत्या मापात संसार केला. तोच कित्ता गिरवावा. मी प्लायवूडचा तुकडा कापून डब्यात आडवा लावला आणि बुन्याला चोवीस इंच ठेवले. चौथ्या महिन्यात प्लायवूड मागं सरकवलं, तेव्हा मोजून तीस इंच झाले. अडीच फूट. मी हिला हाक मारून टेप दाखवली. ती म्हणाली, “अहो, गॅसवर दूध आहे.”

त्या गाडीबद्दल आमचे वडील सांगायचे की ती इतकी सावकाश चालायची की माणूस उतरून, झाडामागं जाऊन, पुन्हा चालत्या डब्यात चढायचा. खरं-खोटं भगवंताला ठाऊक. पण पिलू पाळणाऱ्याला अशा गाडीचं मोल कळतं.

नियम तिसरा : डबा ही शिक्षा नव्हे. चप्पल फाडली म्हणून डब्यात घातलं की डबा कायमचा बाद. पहिले काही दिवस दार काढून किंवा बांधून उघडंच ठेवावं, आत जुनी गोधडी टाकावी, जेवणाची वाटी आतच द्यावी. तो आपण होऊन आत गेला की दार मिनिटभर लावावं, मग पाच मिनिटं, मग आपण खोलीबाहेर जाऊन यावं. मला हे फार जड गेलं. एखादी जागा शिक्षेची नाही, हे मला स्वतःलाच पटवून द्यावं लागत होतं. माझ्या शाळेत बाकावर उभं राहायचं तीही शिक्षा, बाकाखाली बसायचं तीही शिक्षा आणि वर्गाबाहेर जायचं तीही.

नियम चौथा : वेळ. भगवंताच्या गावात राहून हा नियम कुणी मोडू नये. आमचा देव मुळात वेळेच्या घोळातून इथं आला. अंबरीष राजाचा एकादशीचा उपास, द्वादशी संपायच्या आत पारणं सोडायचं, आणि पाहुणे आलेले दुर्वास ऋषी नदीवर स्नानाला गेले ते येईचनात. जेवावं तर अतिथीचा अपमान, न जेवावं तर व्रतभंग. राजानं नुसतं घोटभर पाणी घेतलं, तरी ऋषी भडकले, आणि भगवंताला धावून यावं लागलं. म्हणून वारकरी आजही म्हणतात, एकादशी पंढरपूरला आणि द्वादशी बार्शीला. माझं म्हणणं एवढंच, की अंबरीषापुढं पाणी केव्हा घ्यावं हा प्रश्न होता. पिलाच्या बाबतीत घेतलेलं पाणी केव्हा बाहेर येईल, हा आहे. आणि इथं सुदर्शन चक्र धावून येत नाही, पोछा आणावा लागतो.

ढोबळ हिशेब असा : पिलाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तितके तास ते दिवसा कळ काढू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, तेही नशीब असेल तर. पण हा हिशेब शांत पडून असलेल्या पिलाचा. झोपेतून उठलं की लगेच, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, आणि खेळताना अचानक थांबून जमीन हुंगत गोल फिरू लागलं की त्याच क्षणी उचलून बाहेर. त्या गोल फेऱ्यांना मी पहिली घंटा म्हणतो. दुसरी घंटा नसते.

मी याचं रीतसर वेळापत्रक केलं. आठ तासिका, दोन सुट्ट्या, फ्रिजवर चिकटवलं. पुण्याच्या सूचनेबरहुकूम ‘सायंकाळी ७ नंतर पाणी बंद’ असंही लिहिलं. एप्रिलअखेर बार्शीत सातला भिंतीला पाठ टेकवत नाही. ते पिलू जीभ काढून रिकाम्या वाटीकडं बघत होतं आणि मग माझ्याकडं. हिनं काही न बोलता वाटी भरली आणि फ्रिजवरच्या कागदावर पेनानं रेघ मारली. शाळेत माझ्या वेळापत्रकावर रेघ मारायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

नियम पाचवा : वर्तमानपत्र. पुण्याच्या फ्लॅटमध्ये पिलाला कागदावर करायची सवय लावली होती. सवय उत्तम लागली. आमच्याकडं सकाळी मी सतरंजीवर बसून, पेपर पुढं पसरून, अग्रलेखापासून वाचायला सुरुवात करतो. पुढचं सांगायला नको. बुन्या धावत आला, पेपर बघून त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं समाधान पसरलं, आणि तो नेमका अग्रलेखावर बसला. त्या दिवशीच्या अग्रलेखाबद्दल माझंही मत फारसं वेगळं नव्हतं, तरी पद्धत चुकीची.

पिलाला ‘घराबाहेर’ आणि ‘घरात’ असं काही कळत नाही. पायाखाली काय लागतं ते कळतं. पहिल्या आठवड्यांत ज्या पृष्ठभागाची सवय लागेल, तो पृष्ठभाग ते शोधत राहतं. म्हणून कागदाची सवय असेल तर कागद रोज थोडा थोडा दाराकडं सरकवावा, मग उंबऱ्याबाहेर, मग परसात लिंबाखाली, आणि त्यावर आधीचा ओला तुकडा ठेवावा, म्हणजे वासानं ओळख पटते. मग कागद लहान लहान करत मातीवर आणावं. आम्हाला अकरा दिवस लागले. तेवढे अकरा दिवस मी पेपर उभ्यानं वाचला.

नियम सहावा : नाक घासू नये. आधीच्या घाणीवर पिलाचं नाक घासून काही शिकवता येत नाही, आपल्यासमोर करायचं नाही एवढंच ते शिकतं आणि पुढच्या वेळी कपाटामागं जातं.

नियम सातवा : नुसतं फिनेल नको. वास आपल्याला येईनासा होतो, त्याला येतच राहतो. अमोनिया असलेलं काही तर नकोच, तो वास त्याला लघवीसारखाच. आधी कापडानं टिपून घ्यावं, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पुसावं किंवा वास मुळापासून मोडणारं औषध मिळतं ते वापरावं. नळाला पाणी येण्याच्या आदल्या दिवशी पिलाला सर्वांत जास्त वेळा होतं, असं माझं निरीक्षण आहे. त्याचं कारण शास्त्रात नाही.

बक्षिसाबद्दल. काम झाल्याबरोबर, दोन-तीन सेकंदांत, तिथंच शाबासकी द्यावी. घरात येऊन दिली तर घरात आल्याबद्दल मिळाली असं त्याला वाटतं. मी बंडीच्या खिशात भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे ठेवतो, सोलून, एका वेळी अर्धा. चटणीतले नाहीत. शेजारच्या काकूंना मात्र हात जोडून सांगावं लागलं की प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे त्याला घालू नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात, आणि आमच्या भागात ती घरोघरी असतात. कांदा आणि चॉकलेटही नाही. आणि लसीचे सगळे डोस पुरे होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात त्या जागी खाली सोडू नये, पार्व्हो वाईट. तोवर परस किंवा गच्ची. एवढं ऐका, बाकी नियम मोडले तरी चालेल.

नियम आठवा : रात्र. पहिल्या रात्री मी डबा स्वयंपाकघरात ठेवला, शिस्त म्हणून. तो असा रडला की समोरच्या घरातला दिवा लागला. दुसऱ्या रात्री डबा माझ्या कॉटशेजारी आला. जाळीतून बोटं आत घातली की तो गप्प व्हायचा. मात्र मध्येच उठून कुरकुरला तर ते लाड नव्हे, ती अडचण. तेव्हा उचलून परसात न्यावं, दिवा लावू नये, खेळू नये, बोलू नये, फक्त ठरलेला एक शब्द. आमचा शब्द ‘शू’.

रात्री दोन वाजता लिंबाखाली अनवाणी उभं राहून ‘शू कर, शू कर रे बाबा’ असं आर्जव करणारा माणूस एकतीस वर्षं याच्या बरोब्बर उलट वागला होता.

पाचवीचा वर्ग होता, गणिताचा तास, मधली सुट्टी होऊन दहा मिनिटं झालेली. मागच्या बाकावरच्या मुलानं करंगळी वर केली. “सर, एकीला जाऊ का?” मी म्हणालो, “आत्ता सुट्टीत काय करत होतास?” पोरं हसली. त्यानं करंगळी खाली घेतली. थोड्या वेळानं पुन्हा वर केली. मी फळ्याकडं तोंड करून लसावि काढत होतो. तास संपला तेव्हा तो उठेना. बाकाखालून एक ओघळ पुढच्या बाकाच्या पायापर्यंत आला होता. मी शिपायाला बोलावलं, फरशी पुसून घेतली, आणि त्या मुलाला घरी पाठवलं. दुसरं काही केलं नाही. त्या दिवशीचा उरलेला लसावि दुसऱ्या दिवशी पुरा केला, तेही आठवतं.

तो अजून बार्शीतच आहे. भाजी मंडईत भेटतो, वाकून नमस्कार करतो, ‘सर, तब्येत?’ विचारतो. त्याला आठवत असेल की नसेल, विचारायचा धीर होत नाही. बुन्याला मी अजून एकदाही नाही म्हटलेलं नाही. तो नुसता दाराकडं बघून वळला तरी मी चपला शोधतो. पुष्कळदा त्याला काही लागलेलं नसतं. त्याला खारूताई बघायची असते.

मुलीचे दोन महिने संपून आता सात झाले आहेत. प्लायवूड निघालं, डबा पुरता ब्रॉडगेज झाला, आणि फरशी गेले दहा आठवडे कोरडी आहे. फक्त रात्रीची सवय सुटलेली नाही. परसात आता त्याचं मन रमत नाही, म्हणून गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबापर्यंत जावं लागतं.

तेव्हा बार्शीतल्या तमाम माजी विद्यार्थ्यांना नम्र विनंती. रात्रपाळीहून किंवा कुर्डुवाडी स्टेशनावरून उशिरा घरी येताना मी खांबापाशी उभा दिसलो, तर गाडी थांबवून ‘नमस्कार सर’ म्हणू नका. तो सगळं सोडून तुमच्याकडं शेपूट हलवत येतो आणि मला पुन्हा वीस मिनिटं उभं राहावं लागतं. नमस्कार सकाळी घेईन.